माणसाचे नाव कोण ठरवते

माणूस आयुष्यभर जे नाव वागवतो ते त्याने स्वतः घेतलेले नसते. जन्मानंतर काही दिवसांत दुसरे कोणीतरी ते ठेवते आणि पुढेही त्याचा उच्चार इतरांच्याच तोंडी जास्त होतो. हे नाव कोणी ठेवायचे, कशावरून ठेवायचे, त्याला वडिलांचे नाव जोडायचे की आईचे, लग्नानंतर ते बदलायचे का, ते कोणी तोंडाने घ्यायचे आणि कोणी टाळायचे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर समाजागणिक वेगळे आहे. आडनाव तर सगळीकडे असतेच असेही नाही. कित्येक देशांत ते गेल्या दीडदोनशे वर्षांत सरकारी हुकुमाने आले, काही देशांत अजूनही आलेले नाही. माणूस आधी कोणाचा, वडिलांचा, गावाचा, गेलेल्या पूर्वजाचा की सरकारी नोंदवहीचा, याबद्दल एखाद्या समाजाची जी समजूत असते ती त्याच्या नावांच्या रीतीत फार स्पष्ट उमटलेली दिसते.

आइसलंडमध्ये बहुतेक लोकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ जोडले की दुसरे नाव तयार होते. योनचा मुलगा योन्सोन, योनची मुलगी योन्सदोत्तिर. एकाच घरातल्या आई, वडील, मुलगा आणि मुलगी या चौघांची दुसरी नावे चार तऱ्हेची असू शकतात. लग्नाने कोणाचेच नाव बदलत नाही. बाई लग्न झाले म्हणून सासऱ्याची मुलगी होत नाही, मग तिने ते नाव का लावायचे, असा हा साधा हिशेब आहे. ही रीत पूर्वी साऱ्या उत्तर युरोपात होती. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनने ती सोडून कायम आडनावे घेतली. आइसलंडमध्येही काही घराण्यांनी आडनावे लावायला सुरुवात केली होती, पण १९२५च्या कायद्याने नवी आडनावे घेण्यावर बंदी आली आणि जुनी रीत टिकली.

तिचा परिणाम रोजच्या व्यवहारात जागोजागी दिसतो. तिथे खरे नाव म्हणजे स्वतःचे नाव. दुसरे नाव फक्त कोणाचा मुलगा किंवा मुलगी एवढे सांगते. म्हणून टेलिफोनच्या यादीत लोक पहिल्या नावाच्या क्रमाने लावले जात आणि एकाच नावाची माणसे ओळखता यावीत म्हणून पुढे व्यवसायही छापलेला असे. शिक्षक, डॉक्टर, मंत्री, सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारतात. १९८० मध्ये व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा लोकांनी देशाच्या सर्वोच्च पदावरच्या बाईंनाही ‘व्हिग्दिस’च म्हटले. ब्योर्क या गायिकेचे एकेरी नाव बाहेरच्या जगाला रंगमंचासाठी घेतलेले वाटते. तिच्या देशात ती कोणालाही हाक मारण्याची नेहमीची पद्धत आहे. मोकळेपणा इतका असला तरी पहिले नाव ठेवण्यावर मात्र कडक पहारा आहे. १९९१ पासून तिथे नावांची एक सरकारी समिती आहे. यादीत नसलेले नाव ठेवायचे तर तिची मंजुरी लागते, आणि ते नाव आइसलंडी व्याकरणाच्या विभक्तींत चालले पाहिजे. एका मुलीचे नाव पुल्लिंगी ठरवून नाकारले गेल्याने पंधरा वर्षे सरकारी कागदांवर तिची नोंद नुसती ‘मुलगी’ अशी होती. २०१३ मध्ये न्यायालयाने तिला तिचे नाव दिले. २०१९च्या कायद्यानंतर नावांचे स्त्रीपुरुष असे बंधन उठले, आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्यांना ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’ऐवजी तिसरा प्रत्यय लावण्याची सोय झाली. आईचे नाव लावण्याची मुभा आधीपासूनच आहे.

घानातल्या अकान लोकांत मुलाचे पहिले नाव आईवडिलांना निवडावे लागतच नाही. ते जन्मवाराने येते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, मुलगी अफुआ किंवा एफुआ. शनिवारचा क्वामे, शनिवारची अमा. रविवारचा क्वासी, रविवारची अकोसुआ. हे आत्म्याचे नाव मानतात, कारण माणूस ज्या वारी जगात आला तो वार त्याच्या आत्म्याशी कायमचा बांधलेला आहे अशी समजूत आहे. आठव्या दिवशी नामकरण होते. तेव्हा बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा आणि मग मद्याचा थेंब ठेवतात: पाणी असेल तर पाणी म्हण, मद्य असेल तर मद्य म्हण, म्हणजे जन्मभर खरे बोल. कुटुंबाने ठेवलेले दुसरे नावही याच वेळी मिळते. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले. तो शुक्रवार होता. त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव अर्थातच एफुआ.

वार आणि स्वभाव यांचा संबंध अकान समाजात गंभीरपणे मानला जातो. सोमवारचा क्वाद्वो शांत आणि बुधवारचा क्वाकू तापट, असा समज आहे. गुस्ताव याहोदा या मानसशास्त्रज्ञाने कुमासीच्या बाल न्यायालयाच्या नोंदी तपासून १९५४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. मारामारीसारख्या गुन्ह्यांत बुधवारी जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त आणि सोमवारची कमी आढळली. एका छोट्या अभ्यासावरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही; पण लहानपणापासून ‘हा बुधवारचा, हा भांडणारच’ असे ऐकत वाढलेले मूल तसे वागू लागले, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ही वारांची नावे अटलांटिक समुद्रापारही गेली. गुलाम म्हणून जमैकात नेलेल्या लोकांनी ती जपली. डोंगरात पळून जाऊन स्वतंत्र वस्त्या उभारणाऱ्या मरून लोकांचा पुढारी कजो, ज्याच्याशी १७३९ मध्ये इंग्रजांना तह करावा लागला, तो नावाने सोमवारचाच. आणि रविवारच्या मुलाचे नाव, क्वाशी, हे मळेवाल्यांच्या तोंडी कोणाही गुलामाला उद्देशून वापरायची शिवी बनले. नाव तेच राहिले, पण ते घेणारा बदलल्यावर त्याची किंमत अशी पार उलटली.

बालीत नाव जन्माच्या क्रमाने मिळते. सामान्य हिंदू कुटुंबात पहिले मूल वायान किंवा पुतू, दुसरे माडे किंवा कादेक, तिसरे न्योमान किंवा कोमांग, चौथे केतुत. पाचवे झाले तर पुन्हा वायानपासून सुरुवात. मुलगा असो की मुलगी, क्रमाचे नाव तेच. फरक दाखवायला मुलाच्या नावाआधी ‘इ’ आणि मुलीच्या नावाआधी ‘नी’ येते. उच्च समजल्या जाणाऱ्या घराण्यांत इदा बागुस, अनाक आगुंग, देवा, गुस्ती अशी वेगळी नावे असतात, त्यामुळे नाव ऐकताच समोरच्याशी कोणत्या दर्जाची भाषा बोलायची हे कळते. माणसाचे स्वतःचे असे एक नाव असतेच, पण जुन्या रिवाजात ते फारसे उच्चारले जात नसे. पहिले मूल झाले की आईवडिलांचे नाव मुलावरून पडते, ‘अमक्याचा बाप’, ‘अमक्याची आई’. पुढे नातवंड झाले की ‘अमक्याचा आजा’. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये बालीतील व्यक्ती आणि काळ यांवर लिहिलेल्या निबंधात असे मांडले की ही पद्धत माणसाला त्याच्या खास आयुष्यापासून दूर नेते आणि फिरत राहणाऱ्या क्रमातली एक जागा म्हणून त्याच्याकडे पाहायला शिकवते. निबंधावर पुढे बरीच टीका झाली. बालीतली माणसे एकमेकांना व्यक्ती म्हणून पुरेपूर ओळखतात, हे टीकाकारांचे म्हणणे रास्तच आहे. तरी वंश मागे न मोजता पुढे मोजायचा, पूर्वजाऐवजी लेकरावरून स्वतःची ओळख सांगायची, हा बालीचा कल गीर्ट्झने नेमका टिपला होता.

अलीकडे या क्रमालाच धक्का बसला आहे. इंडोनेशियाच्या सरकारने दोन मुले पुरेत असा प्रचार अनेक दशके केला, आणि बालीत तो विशेष यशस्वी झाला. दोनच मुले झाली तर वायान आणि माडे उरतात. न्योमान आणि केतुत ही नावे ठेवायला मूलच नसते. २०१९ मध्ये बालीचे राज्यपाल वायान कोस्तेर यांनी चार मुलांच्या जुन्या बाली कुटुंबाचा पुरस्कार करण्याचे आदेश दिले, त्यामागे ही नावे नाहीशी होण्याची काळजी उघडपणे बोलली गेली.

सर्वांत वेगळी, आणि समजून घेतली तर सर्वांत हृद्य, अशी रीत उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची आहे. इनुइट परंपरेत नावाला आत्मा असतो आणि तो माणसाबरोबर मरत नाही. कुटुंबात किंवा वस्तीत कोणी वारले की त्यानंतर जन्मणाऱ्या बाळाला ते नाव देतात, आणि नावाबरोबर मृताची नातीही त्या बाळाकडे येतात. आजीला तिच्या आईचे नाव मिळालेली नात झाली तर आजी त्या तान्ह्या मुलीला ‘आई’ म्हणते आणि आईशी वागावे तशी तिच्याशी वागते. नावांना लिंग नसते, त्यामुळे आजोबांचे नाव मुलीला मिळू शकते. अशा मुलीला काही वस्त्यांत लहानपणी मुलासारखे कपडे घालत आणि शिकारीची कामेही शिकवत. एका मुलाला अनेक नावे मिळू शकत आणि एकाच मृताचे नाव अनेक मुलांना. मूल म्हणजे कोणाचा तरी परत आलेला आप्त, म्हणून त्याच्यावर हात उगारणे किंवा त्याला घालूनपाडून बोलणे हा त्या आप्ताचा अपमान ठरे. आडनाव अर्थातच नव्हते. त्याची गरज कधी पडली नाही.

गरज पडली ती कॅनडाच्या सरकारी अधिकाऱ्यांना. त्यांना ही नावे लिहिता येत नव्हती, एकाच माणसाची नोंद प्रत्येक जण वेगळी करी आणि कुटुंबाला जोडणारे समान नाव सापडत नसे. १९४१ पासून इनुइट लोकांना क्रमांकाचे बिल्ले देण्यात आले. गळ्यात दोरीने बांधायचा किंवा कपड्याला शिवायचा हा छोटा गोल बिल्ला. त्यावर पूर्व किंवा पश्चिम दाखवणारे अक्षर, जिल्ह्याचा आकडा आणि माणसाचा आकडा. दवाखाना, शाळा, कुटुंबभत्ता, सगळे या आकड्यावर चाले. कॅनडात इतर कोणत्याही लोकसमूहाला असे बिल्ले वागवावे लागले नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बंद करून आडनावे घेण्याचे ठरले आणि ते काम एब ओकपिक या इनुइट पुढाऱ्याकडे आले. ते वस्त्यावस्त्यांतून फिरले आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांनी आडनाव म्हणून कोणते नाव हवे ते विचारले. बऱ्याच लोकांनी वडिलांचे किंवा आजोबांचे नाव निवडले, आणि जे नाव आजवर मृताकडून जिवंताकडे जाई ते बापाकडून मुलाकडे जाणारे झाले. बिल्ल्याची आठवण पुसली गेली नाही. लुसी इड्लाउट या इनुइट गायिकेने आपल्या अल्बमला आईचा क्रमांक शीर्षक म्हणून दिला आणि त्यापुढे ‘माझ्या आईचे नाव’ असे लिहिले.

सरकार आणि आडनाव यांचा संबंध सर्वत्र असाच घट्ट आहे. कर वसूल करणे, सैन्यभरती करणे, जमिनीचा मालक ठरवणे, यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे नाव सोयीचे असते. चीनमध्ये ही सोय दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच झाली होती. जपानमध्ये मात्र आडनाव लावणे हा सामुराई आणि काही मान्यताप्राप्त घराण्यांचा मान होता. बहुसंख्य शेतकऱ्यांना ते उघडपणे लावता येत नसे. मेजी काळात, १८७० मध्ये, सर्वांना परवानगी मिळाली. लोक फारसे पुढे आले नाहीत, तेव्हा १८७५ मध्ये ते सक्तीचे झाले. तुर्कस्तानात १९३४च्या जूनमध्ये आडनावांचा कायदा झाला. प्रत्येक कुटुंबाने तुर्की भाषेतले आडनाव घ्यायचे, परक्या वंशाचे किंवा टोळीचे नाव चालणार नाही. मुस्तफा कमाल यांना संसदेने वेगळ्या कायद्याने ‘अतातुर्क’ हे आडनाव दिले आणि दुसऱ्या कोणालाही ते घेण्यास मनाई केली. आगा, बे, पाशा यांसारख्या पदव्याही त्याच वर्षी रद्द झाल्या. ज्या समाजात माणूस बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने किंवा पदवीने ओळखला जाई, तिथे थोड्या काळात प्रत्येकाला नवे नाव शोधावे लागले. कुर्द, ग्रीक आणि आर्मेनियन लोकांसाठी हा कायदा आपली ओळख झाकून टाकणारा ठरला.

याहून कठोर उदाहरणे विसाव्या शतकात घडली. जपानी राजवटीने १९४० मध्ये कोरियन लोकांना जपानी धर्तीची कुलनावे नोंदवायला लावली. सहा महिन्यांत सुमारे चार पंचमांश कुटुंबांनी नोंद केली. पूर्वजांच्या नावाला देवासारखे मानणाऱ्या समाजाला तो घाव खोल लागला, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच जुनी नावे परत घेतली गेली. नाझी जर्मनीने १९३८च्या हुकुमाने ज्यू पुरुषांच्या नावात ‘इस्रायल’ आणि स्त्रियांच्या नावात ‘सारा’ घालण्याची सक्ती केली, म्हणजे कोणत्याही कागदावर माणूस ताबडतोब ओळखू यावा. बल्गेरियाने १९८४-८५च्या हिवाळ्यात आपल्या देशातल्या तुर्क लोकांची मुस्लिम नावे बळाने बदलून स्लाव्ह नावे लावली. १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. त्या वर्षीच्या अखेरीस राजवट कोसळली आणि नावे परत घेण्याचा हक्क मिळाला. नाव बदलून माणूस बदलेल असे या सगळ्या राजवटींना वाटले होते. लोकांनी नावे परत मिळवण्यासाठी जे सोसले त्यावरून ती समजूत किती चुकीची होती ते कळते.

नाव ठेवण्याइतकेच नाव न घेण्याचे नियमही समाज घडवतो. चीनमध्ये सम्राटाच्या नावातली अक्षरे लिहिणे निषिद्ध होते. तांग सम्राट ताइत्सुंग यांच्या नावातले एक अक्षर सरकारी खात्याच्या नावात येत होते, म्हणून खात्याचे नाव बदलले गेले. छिंग काळात, १७७७ मध्ये, वांग शीहौ या विद्वानाला आपल्या कोशात सम्राटांची नावे पूर्ण छापल्याबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या झोसा आणि झुलू लोकांत सुनेवर असे बंधन असे. सासऱ्याचे आणि नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांचे नाव घ्यायचे नाही एवढ्यावर ते थांबत नाही. त्या नावांतली अक्षरे ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळायचे आणि त्यांच्या जागी दुसरे वापरायचे. बायकांची जवळजवळ वेगळी बोलीच त्यातून तयार झाली. या भाषांत जे टाळीसारखे, जीभ चटकन सोडून काढायचे ध्वनी आहेत, ते शेजारच्या खोइसान भाषांमधून येण्यास सुनांची ही पर्यायी शब्दांची गरज कारण झाली असावी, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून ‘अहो’, ‘आमचे हे’, ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’ अशी संबोधने मराठीत रुळली. नवराही चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नसे. मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती, आणि ते नाव म्हणजे सुनेच्या सासऱ्याचे. मग आईला स्वतःच्या मुलालाही त्या नावाने हाक मारता येत नसे. बाळ, बापू, नाना, दादा अशी घरगुती नावे कित्येक घरांत अशा अडचणीतून रूढ झाली, आणि काही माणसे जन्मभर त्याच नावाने ओळखली गेली. या बंदीला समाजाने एक फटही ठेवली होती. लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला सगळ्या जणी आग्रह करतात आणि बाई उखाण्यात गुंफून नवऱ्याचे नाव घेते. एरवी ओठांवर न येणारे नाव चारचौघींत मोठ्याने म्हणायचे, तेही स्वतः रचलेल्या ओळींत. या प्रसंगातली लाज आणि हौस दोन्ही खऱ्या होत्या. आता बहुतेक घरांत नवराबायको एकमेकांना नावाने हाका मारतात, पण उखाणा टिकला आहे आणि नवऱ्या मुलालाही तो घ्यावा लागतो.

मराठी नावाची नेहमीची रचना तीन पदरी आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, म्हणजे नाव ठेवण्याचा मान वडिलांच्या बहिणीकडे, पितृकुळातल्या स्त्रीकडे आहे. आधीची मुले दगावली असतील तर मुलाला दगडू, धोंडू अशी नावे ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूने या क्षुल्लक वस्तूकडे पाहू नये, यासाठी आईबापांनी केलेली ती विनवणी होती. आडनावांत देशपांडे, कुलकर्णी, पाटील, देशमुख ही वतनाची, तर जोशी, सोनार, सुतार, लोहार ही व्यवसायाची. ‘कर’ लावून गावावरून केलेली आडनावे मराठी आणि कोकणी मुलखाची खास ओळख. ही आडनावे बहुधा गाव सोडलेल्यांना चिकटली, कारण चिपळुणातच राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून वेगळे ओळखण्याचे कारण नाही. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि ते साऱ्या देशात पोचले. त्याच गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतर झालेल्या कुटुंबांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळाले; फर्नांडिस, डिसोझा, परेरा ही आडनावे तिथे रक्ताच्या नात्यापेक्षा त्या विधीचा इतिहास सांगतात.

मॉरिशसमध्ये मराठी नावाचे वेगळेच झाले. १८३४ नंतर मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांची नावे तिथल्या कारकुनांनी कानाला आली तशी लिहिली. पुढच्या पिढ्यांना पहिल्या पूर्वजाचे स्वतःचे नावच आडनाव म्हणून मिळाले. ती नोंदणीची पुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि आपले मूळ गाव शोधणारी कुटुंबे त्यांवरूनच माग काढतात.

भारतात आडनाव उच्चारले की जात कळते, आणि तिच्याबरोबर मान किंवा अपमान येतो. चार वर्णांना नावे कशी ठेवावीत याचे नियम मनुस्मृतीत आहेत, आणि त्यांत शूद्राचे नाव हीनता दाखवणारे असावे असे सांगितले आहे. नाव ठेवण्याच्या हक्कासाठी झालेला संघर्ष म्हणूनच साधा नव्हता. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये खालसा पंथ स्थापला तेव्हा पुरुषांना ‘सिंह’ आणि स्त्रियांना ‘कौर’ हे समान नाव दिले. राजपुतांच्या मानाचे नाव त्यामुळे सर्वांचे झाले. तमिळनाडूत पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या परिषदेत जातिवाचक नावे टाकण्याचा ठराव केला. स्वतः पेरियारांनी ‘नायकर’ सोडले. तिथे आज बहुतेक लोक वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढेच लावतात, आणि हा बदल कायद्याशिवाय, लोकांच्या संमतीने झाला हे विशेष. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या लाखो घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे ठेवली जाऊ लागली. ज्यांच्या आजोबांना नाव ठेवताना इतरांनी आखलेल्या मर्यादेत राहावे लागत होते, त्यांनी बुद्धाच्या परंपरेतून आपली नावे स्वतः निवडली. या बदलाइतके मोठे सामाजिक काम फार थोड्या नामकरणांनी केले असेल.

इतक्या निरनिराळ्या रीती आज एकाच तऱ्हेच्या अर्जात बसवाव्या लागतात. पासपोर्ट, विमानाचे तिकीट, बँकेचे खाते, सगळीकडे ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात. ब्रह्मदेशात आडनाव नाही. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचे नाव फक्त ‘थांट’. ‘ऊ’ हा आदराचा शब्द. इंडोनेशियाचे सुकार्णो आणि सुहार्तो यांचीही नावे एकेरीच. दक्षिण भारतातल्या आणि उत्तरेतल्या अनेक एकनामी लोकांना अमेरिकेच्या व्हिसावर पहिले नाव ‘अज्ञात’ आणि आपले नाव आडनावाच्या जागी असे पाहावे लागते. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरवले, आणि भारतातल्या कित्येकांना प्रवासाआधी कागदपत्रे बदलण्याची धावपळ करावी लागली.

या सगळ्यात सर्वाधिक बदल बाईच्या नावात होतो, आणि सध्याचे बहुतेक वादही त्याभोवती आहेत. चीन आणि कोरियात लग्नानंतर बाईचे आडनाव तेच राहते. त्याला समानता म्हणता येत नाही. ती सासरच्या वंशाची मानली जात नसे, हे त्याचे जुने कारण. मुले मात्र बापाच्या वंशाची. कोरियात पुरुषाला कुटुंबप्रमुख ठरवणारी नोंदणीपद्धत २००८ मध्ये संपली, आणि आता लग्नाची नोंद करताना जोडप्याने ठरवले तर मुलांना आईचे आडनाव लावता येते. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे; पाब्लो रुइस पिकासो या चित्रकाराचे ‘पिकासो’ आईकडचे. आईचे आडनाव आधी लावण्याची मुभा १९९९च्या कायद्याने दिली. जपानमध्ये नागरी कायद्याच्या ७५०व्या कलमानुसार पतिपत्नीचे आडनाव एकच असावे लागते. कोणाचे, ते त्यांनी ठरवायचे. प्रत्यक्षात शंभरात जवळपास पंचाण्णव जोडप्यांत बाईच बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हे कलम घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला आणि बदल करायचा तर तो संसदेने करावा असे सांगितले.

महाराष्ट्रात लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नाव बदलते, आणि अनेक घरांत तांदळाच्या ताम्हणात अंगठीने नवे नाव लिहून बाईचे पहिले नावही बदलत. त्यानंतर माहेरचे नाव फक्त माहेरीच ऐकू येई. पहिले नाव बदलण्याची चाल आता पुष्कळ कमी झाली आहे, आणि माहेरचे आडनाव ठेवणाऱ्या किंवा दोन्ही लावणाऱ्या स्त्रियाही दिसू लागल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आईचे नाव सरकारी कागदपत्रांवर बंधनकारक केले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव आता स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिले जाते. विवाहित स्त्रियांच्या नावापुढे पतीचे नाव आणि आडनाव लिहिण्याची पद्धत त्या निर्णयात तशीच ठेवली आहे.